पचणारं दूध पचेनासं झालं तेव्हा : एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पोटविकार विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना दुधाची तक्रार घेऊन येणारी माणसं मला जवळजवळ रोज भेटतात. बहुतेकांचं उत्तर सोपं असतं. या प्रकरणातही ते सोपं आहे असं मी धरून चालले आणि तिथेच चुकले. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्या 36 वर्षांच्या, व्यवसायाने शिक्षिका. लहानपणापासून सकाळ-संध्याकाळ एकेक ग्लास दूध पिण्याची सवय. गरोदरपणातही दूध कधी बाधलं नव्हतं. गेल्या 14 महिन्यांपासून मात्र दूध प्यायलं की तास-दीड तासात पोट फुगायचं, गुरगुरायचं आणि पातळ जुलाब व्हायचे. पहिल्या भेटीला येतानाच त्यांनी एक चौकटीची वही आणली होती. त्यातली एक नोंद मला अजून आठवते: "7.10 दूध. 8.30 गुरगुर सुरू. 9.05 वर्ग मॉनिटरवर सोपवून बाहेर." अशा नोंदींनी चार पानं भरली होती. वर्ग सोडून जावं लागतं, याची लाज त्यांना पोटदुखीपेक्षा जास्त छळत होती.

पहिला निर्णय आणि त्यातून आलेलं खोटं समाधान

मी तीन आठवडे दूध पूर्ण बंद करायला सांगितलं. तीन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "मॅडम, निम्मा त्रास गेला." मी खूश झाले. उरलेल्या निम्म्याचं काय, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. वजन तीन किलोंनी उतरलं होतं, जिना चढताना दम लागत होता. शाळेची दगदग आणि दूध बंद झाल्याने कमी पडलेलं खाणं यांच्या नावावर मी ते टाकून दिलं.

खात्रीसाठी श्वासाची हायड्रोजन तपासणी केली. रात्रभर उपाशी राहून सकाळी 25 ग्रॅम लॅक्टोज पाण्यात विरघळवून प्यायचं आणि मग दर अर्ध्या तासाने यंत्राच्या नळीत फुंकायचं, असं तीन तास. ही तपासणी चालते कशावर, ते थोडक्यात सांगते. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. ही जोडी आहे तशी आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाही. लहान आतड्याच्या अस्तरावरचं लॅक्टेज हे विकर तिचे दोन तुकडे करतं, मगच ती शोषली जाते. लॅक्टेज कमी असेल तर साखर तशीच पुढे सरकते, आपल्यासोबत पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागते. ते तिला आंबवतात. त्यातून आम्लं तयार होतात, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सुटतो, काहींमध्ये मिथेनही. माणसाच्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत. त्यामुळे श्वासात तो वाढला, तर तो आला जिवाणूंकडूनच.

त्यांचे आकडे, दशलक्ष भागांत: सुरुवातीला 3, अर्ध्या तासाने 5, तासाने 11, दीड तासाने 29, दोन तासांनी 54, अडीच तासांनी 68, तीन तासांनी 61. मूळ आकड्यावर 20 ची वाढ झाली की तपासणी सकारात्मक धरतात. दुसऱ्या तासाला त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात पोटावर. गुरगुर मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होती.

मी अहवालाखाली लिहिलं: लॅक्टोज पचत नाही. आणि त्यांना सांगितलं की हा आजार नाही, उलट माणसाची हीच मूळ स्थिती आहे. हे वाक्य खरं आहे. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं अंगावरचं दूध सुटलं की लॅक्टेज आटत जातं. माणसातही बालपणीच ते कमी होऊ लागतं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांमध्ये ते पुरेसं उरत नाही. मोठेपणी दूध पचवणारी माणसं हाच अपवाद. मी हे इतक्या जणांना समजावलं आहे की बोलताना समोर कोण बसलं आहे, याकडे माझं लक्ष राहिलं नाही.

त्यांचा प्रश्न

निघताना दारातून त्या मागे वळल्या. "मग चौतीस वर्षं रोज दोन ग्लास दूध मी पचवलं ते कसं?"

माझ्याकडे तयार उत्तर होतं: वयोमानाने कमी झालं असेल. ते देता देताच मी थांबले. हा ऱ्हास वयाच्या पस्तिशीत सुरू होत नाही. ज्यांच्यात तो व्हायचा असतो त्यांच्यात तो लहानपणीच सुरू होतो आणि बहुतेकांमध्ये तारुण्यापर्यंत पुरा होतो. काहींना त्रास उशिरा जाणवतो, हे खरं. पण तो बहुधा दुधाचं प्रमाण वाढल्यावर किंवा पोटाचा दुसरा काही बिघाड झाल्यावर. इथे प्रमाण तेच होतं, माणूस तोच होता, आणि बदल गेल्या 14 महिन्यांतला होता.

मी त्यांना परत बसायला सांगितलं. घरचं विचारलं. वडील सत्तरीचे, अजून रात्री दूध पिऊन झोपतात. आईला दूध लहानपणापासून चालत नाही. धाकटा भाऊ सगळं खातो-पितो, "पण चेहरा कायम पांढराफटक". हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहिलं आणि विसरले.

समोरचे पर्याय

त्या दिवशी पोटविकारतज्ज्ञ सहकाऱ्याबरोबर बसून आम्ही चाचपणी केली.

निदान आहे तसं मान्य करायचं, दूध मर्यादित ठेवायचं आणि हवं तेव्हा लॅक्टेजच्या गोळ्या द्यायच्या, हा सर्वांत सरळ रस्ता होता. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक प्रौढांना साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे एक ग्लास दूध, जेवणासोबत घेतल्यास फारसं बाधत नाही. यांना मात्र अर्धा कपसुद्धा झेपत नव्हता. तिथेच हे निदान अपुरं वाटू लागलं.

लहान आतड्यात जिवाणूंची अवाजवी वाढ झाली असेल का, हाही विचार झाला. तसं असतं तर हायड्रोजन बराच आधी उसळला असता. इथे तो तासाभरानंतर चढला, म्हणजे साखर मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचल्यावर. आणि तेवढ्या संशयावर प्रतिजैविकं सुरू करायला आम्ही दोघंही तयार नव्हतो.

तिसरा पर्याय त्यांनी स्वतःच पुढे केला होता. वाचून आल्या होत्या. दूध, गहू, कांदा, काही फळं, कडधान्यं असे आंबणारे सगळे पदार्थ काही आठवडे सोडून बघायचे. या आहाराने अनेकांना आराम पडतो आणि मी तो एरवी देतेही. पण इथे मी ठाम नाही म्हटलं. लॅक्टेज बुडण्याची जी कारणं मनात होती, त्यांत सीलिअ‍ॅक आजार वरच्या क्रमांकावर होता. गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच लहान आतड्याचं अस्तर उद्ध्वस्त करते, असा हा आजार. गहू आधीच बंद केला तर रक्तातली प्रतिपिंडं ओसरतात, अस्तर थोडं सावरतं आणि तपासणी खोटा दिलासा देते. त्यांना बरं वाटलं असतं, आणि का बरं वाटलं ते कुणालाच कळलं नसतं. "तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका, त्रास झाला तरी," हे सांगणं मला जड गेलं. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मात्र तोच होता.

चौथा पर्याय जनुकीय तपासणीचा. आम्ही ती आधी केली. त्या क्रमाबद्दल पुढे लिहिते.

जनुकाचा अहवाल काय सांगतो

तीन आठवड्यांनी एका ओळीचा अहवाल आला: 13910 या जागी सी/टी.

या एका ओळीमागे मोठी कहाणी आहे. लॅक्टेजचं जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. 2002 मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांना आढळलं की मोठेपणी दूध पचवणाऱ्यांमध्ये त्या जनुकाच्या 13,910 अक्षरं (डीएनएची साखळी ज्या घटकांनी बनते ते) अलीकडे सी या अक्षराच्या जागी टी असतं. हे अक्षर लॅक्टेजच्या जनुकात नाहीच. ते शेजारच्या एमसीएम 6 नावाच्या जनुकाच्या पोटात, प्रथिन न घडवणाऱ्या भागात बसलेलं आहे. लॅक्टेजचा घाट त्याने बदलत नाही, बदलतो तो खटका. बालपण सरल्यावर बंद पडणारं जनुक चालूच राहतं. दोन प्रतींपैकी एकीवर टी असलं तरी दूध पचतं. फक्त विकराची पातळी मधली राहते. यांची प्रत तशी होती. वडिलांकडून टी आला असावा, आईकडून सी.

टी हे अक्षर उत्तर युरोपात सर्वांत जास्त आढळतं आणि दक्षिण आशियाच्या काही भागांतही तेच आहे. पण दूध पचवण्याची ती एकमेव वाट नव्हे. 2007 मध्ये सारा टिश्कॉफ आणि सहकाऱ्यांनी टांझानिया, केनिया आणि सुदानमधल्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा डीएनएच्या त्याच टापूत वेगळीच अक्षरं बदललेली सापडली. अरबस्तानात आणखी एक वेगळा बदल आहे. गुरं पाळणाऱ्या, उंट पाळणाऱ्या समाजांत तोच खटका वेगवेगळ्या बोटांनी, स्वतंत्रपणे दाबला गेला. मला उत्क्रांतीतली ही गोष्ट फार भावते. तिचा दवाखान्यातला अर्थही आहे: अहवालात सी/सी आलं म्हणून दूध पचणार नाही असं छातीठोक सांगता येत नाही, कारण त्या माणसाकडे दुसरा बदल असू शकतो. टी दिसला तर मात्र भरवशाने म्हणता येतं की हे आतडं मोठेपणी लॅक्टेज करणारं होतं.

म्हणजे जनुक म्हणत होतं पचायला हवं, आणि श्वास म्हणत होता पचत नाही. दोन्ही अहवाल बरोबर होते. एक आतड्याला वारशाने काय मिळालं ते सांगत होता, दुसरा आज त्याची अवस्था काय आहे ते. त्यांचं न जुळणं हीच आमच्या हाती लागलेली खरी माहिती.

इथे मला पुरातत्त्वातला एक धागा आठवत राहिला. हा टी इतक्या वेगाने का पसरला, याचं सोपं उत्तर बरीच वर्षं दिलं जायचं: लोक दूध पिऊ लागले, ज्यांना ते पचलं ते तगले. 2022 मध्ये मोठ्या पथकाने युरोपातल्या हजारो खापरांत मुरलेले दुधाच्या स्निग्धांशाचे अवशेष आणि प्राचीन सांगाड्यांतला डीएनए एकत्र ताडून पाहिला. लोक हजारो वर्षं दूध वापरत होते, आणि टी मात्र इसवी सनपूर्व 1000 च्या सुमारास कुठे सर्रास दिसू लागतो. नुसतं दूध जास्त वापरलं जाणं या पसरण्याचा उलगडा करत नाही. त्या अभ्यासात दुष्काळ आणि रोगराई यांच्याशी हा वेग जास्त जुळला. धडधाकट, पोटभर खाल्लेल्या माणसाला न पचलेलं लॅक्टोज म्हणजे गॅस आणि अस्वस्थपणा. उपाशी किंवा संसर्गाने पोखरलेल्या माणसाला तोच जुलाब जीवघेणा ठरू शकतो. न पचलेल्या दुधाची किंमत आतड्याच्या आणि शरीराच्या अवस्थेवर ठरते, असं हे म्हणणं. माझ्या समोरच्या बाईंचं अर्ध्या कपाने कोलमडणारं पोट बघताना ते मला नीट कळलं.

पुढची पावलं

रक्त पाठवलं. हिमोग्लोबिन 10.1, लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. सीलिअ‍ॅक आजारात वाढणारी, ऊतीय ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए प्रकारची प्रतिपिंडं सामान्य मर्यादेच्या दहापटींहून जास्त. सोबत एकूण आयजीएही मोजलं होतं, कारण ज्यांच्यात तेच कमी असतं त्यांची ही तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते. त्यांचं ठीक होतं. मग दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून अस्तराचे तुकडे घेतले.

सहकाऱ्याने मला सूक्ष्मदर्शकाखाली काच दाखवली. शेजारी निरोगी आतड्याची काच ठेवली होती. निरोगी अस्तरावर बोटांसारखे उंच अंकुर दाटीने उभे असतात. यांच्या काचेवर कंगव्याचे दात झिजून सपाट व्हावेत तसं दिसत होतं. खालचे खळगे तेवढे खोल आणि गजबजलेले.

लॅक्टेजचं काय झालं ते त्या काचेतच होतं. आतड्याची पेशी अंकुराच्या पायथ्याच्या खळग्यात जन्मते आणि वर चढत जाते. टोकाला पोहोचून गळून पडेपर्यंत तिला काही दिवस लागतात. लॅक्टेज तिच्या अंगी येतं ते बरंच वर चढल्यावर, पुरती पिकल्यावर. अंकुरच उरला नाही तर पेशी पिकण्याआधीच गळतात. म्हणून आतड्याला इजा झाली की साखर फोडणाऱ्या विकरांत लॅक्टेज सर्वांत आधी जातं आणि सर्वांत शेवटी परततं. जंतुसंसर्गाच्या जुलाबांनंतर लहान मुलांना काही दिवस दूध बाधतं, तेही याच कारणाने.

निष्पत्ती

गहू, बार्ली आणि राय ही धान्यं कायमची बंद. लोह सुरू. दूध तात्पुरतं बंद. दही आणि मुरवलेलं घट्ट चीज मात्र पहिल्यापासून चालू ठेवलं. दह्यातले जिवाणू स्वतःचं विकर घेऊन येतात आणि मुरलेल्या चीजमध्ये लॅक्टोज जवळपास उरतच नाही. हाडांसाठी कॅल्शियम हवंच होतं, आणि सरसकट सगळं दुग्धजन्य तोडण्याची चूक मला दुसऱ्यांदा करायची नव्हती.

सुरुवातीचे दोन महिने कठीण गेले. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणं, दुसऱ्यांच्या घरी जेवणं नाकारणं. एकदा त्या रडल्याही. जुलाब पाचव्या आठवड्यात थांबले. चौथ्या महिन्यात जेवणासोबत अर्धा कप दूध सुरू केलं, सहाव्यात एक कप. अकराव्या महिन्यात श्वासाची तपासणी पुन्हा केली, तीच 25 ग्रॅमची. तीन तासांत सर्वांत मोठी वाढ 6. हिमोग्लोबिन 12.8. वजन चार किलोंनी वाढलं. प्रतिपिंडं अजून सामान्य मर्यादेच्या किंचित वर आहेत; ती सावकाश उतरतात.

आज काय वेगळं करेन

जनुकीय तपासणी मी आधी केली ते चुकलं. तीन आठवडे त्या गहू खात, त्रास काढत थांबल्या. प्रतिपिंडांची साधी रक्ततपासणी पहिल्याच दिवशी पाठवता आली असती आणि तिनेच उत्तर दिलं असतं. जनुकाच्या अहवालाने मला नीट विचार करायला लावलं, हे खरं. पण माझ्या विचारांसाठी रुग्णाने वाट बघावी, हे बरोबर नाही.

"कधीपासून?" हा प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारला होता. उत्तरही लिहून घेतलं होतं. त्याला वजन दिलं नाही. आता माझ्या नोंदपत्रकावर दोन वेगळ्या ओळी आहेत: दूध कधीच नीट पचलं नाही, की पचत होतं आणि थांबलं? दुसऱ्या ओळीवर खूण झाली आणि जोडीला वजन उतरणं, थकवा किंवा रक्तक्षय असला, तर आधी रक्त जातं, मग आहाराचा कागद.

श्वासाच्या तपासणीने कारण सांगावं, अशी अपेक्षा मी नकळत केली. ती फक्त इतकंच सांगते की साखर फुटली नाही. जन्मजात खटका बंद झाल्याने फुटली नाही की अस्तर उजाड झाल्याने, हे तिच्या आकड्यांत नसतं.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. माझं "माणसाची हीच मूळ स्थिती आहे" हे वाक्य घेऊन त्या घरी गेल्या आणि त्यांनी सहा वर्षांच्या मुलीचंही दूध बंद केलं. आपल्याला पचत नाही तर तिलाही पचत नसणार, असं त्यांना वाटलं. मुलीला काहीच त्रास नव्हता. सात महिने ती दुधावाचून राहिली. मी विचारलं असतं तर पहिल्या आठवड्यातच हे थांबलं असतं.

सीलिअ‍ॅक आजार जवळच्या नातेवाइकांत जास्त आढळतो म्हणून घरातल्या सगळ्यांची रक्ततपासणी सुचवली. मुलीची नकारात्मक आली; तिला पुन्हा दूध सुरू झालं आहे आणि काही वर्षांनी तपासणी परत करायची आहे. आईवडिलांची नकारात्मक. भावाची सकारात्मक आली. त्याच्या पोटाची आजवर एकही तक्रार नाही, दूधही पचतं, पण लोहाच्या गोळ्या तो अधूनमधून घेत आला आहे आणि रक्त काही चढत नाही. त्याची दुर्बिणीची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. तोवर गहू सोडू नकोस, हे त्याला बहिणीनेच बजावलं आहे.